तिन्ही बाजूंनी बघणारे लोक

कार्तिक उजाडला की कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतारी मंडळांचे फलक नाक्यानाक्यावर लागतात. मंडळाचे नाव, आख्यानाचे नाव, राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा, ही माहिती त्यावर असतेच. गेल्या काही दशकांत मात्र बऱ्याच फलकांवर आणखी एक शब्द ठसठशीत अक्षरांत दिसतो: ‘ट्रिकसीनयुक्त’. म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही समजावून द्यावे लागत नाही. राक्षस बघता बघता नाहीसा होणार, नाग फणा काढून डोलणार, धडावेगळे झालेले शीर बोलणार, देव वरून खाली उतरणार. लवकर जेवून, जागा धरायला घरातल्या धाकट्याला पुढे पाठवायचे ते यासाठीच.

जादूच्या प्रयोगांवर लिहायचे तर आरंभ कोलकात्यातून व्हावा, पुण्यातून व्हावा. सिंधुदुर्गातून कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. झगमगता अंगरखा आणि फेटा घातलेला जादूगार या किनाऱ्यावर पाहुणा म्हणूनच यायचा. शाळेच्या पटांगणात, एखाद्या सभागृहात दोन-चार खेळ करायचा आणि ट्रंका बांधून पुढच्या गावाला निघायचा. त्याची विद्या मात्र इथे मुक्कामाला राहिली आणि आज ती दशावताराच्या आश्रयाने जगते आहे. जादूचा खेळ कशावर टिकतो आणि कशावाचून मरतो, हे पाहायला त्यामुळे हा जिल्हा फार सोयीचा आहे.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. देवळाचा सभामंडप किंवा समोरचे अंगण, मध्ये एक बाकडे, कडेला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. स्त्रियांची कामेही पुरुषच करतात, आपापला चेहरा आपणच रंगवतात. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, कोणी कोणता धागा ओढायचा ते रंगपटात थोडक्यात बोलून होते, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. आधी आड दशावतार: गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि काळ्या वेशातला, मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेणारा संकासुर. मग रात्रभर आख्यान. पहाटे दहीहंडी फुटली की धयकालो संपला. तेच एक बाकडे घटकेत इंद्राचे सिंहासन, घटकेत कैलास, घटकेत घोर अरण्यातली शिळा. नटाने म्हणायचे आणि प्रेक्षकाने मानायचे, एवढाच करार.

अशा रंगभूमीला चमत्काराची गरज काय? पण होती. कोकणातल्या लोकनाट्यांत ती गरज राळेने भागवली. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तिचे ढेकूळ पेटवले तर ते धूर सोडत सावकाश जळते. तीच राळ कुटून, वस्त्रगाळ करून, मुठीने मशालीवर फेकली की कणाकणाला हवा भेटते; भप्पकन लोळ उठतो आणि डोळे मिटायच्या आत विझतो. त्या लोळात दैत्य आरोळी ठोकत यायचा. लोकांचे डोळे दिपलेले, नाकात राळेचा उग्र वास, आणि अंधार पुन्हा जमतो तोवर समोर रंगवलेला, मिशा पिळणारा, तलवार परजणारा माणूस उभा. तो तिथवर कोणत्या वाटेने चालत आला हे कोणाच्याच लक्षात येत नसे. जगातल्या कोणत्याही जादूगाराला हा हिशेब विचारा. प्रेक्षकाची नजर अर्धा क्षण बांधून ठेवायची आणि तेवढ्यात आपले काम उरकायचे, याच्यापलीकडे त्याच्या धंद्यात फारसे गुपित नाही.

दुसरा हिशेब कोनाचा, आणि तो इथे अवघड होतो. समोर बसलेला माणूस जादूगाराला कधीच जड जात नाही, जड जातो तो बाजूला बसलेला. दशावताराचा प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतो, आणि चौथ्या बाजूने पोरे रंगपटात डोकावत असतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात जे मोठमोठे जादूचे प्रयोग गाजले ते सगळे चौकटीच्या रंगमंचाच्या आधाराने. 1865 साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेर नावाच्या जादूगाराने तिपाईसारख्या टेबलावर पेटी ठेवली, ती उघडली आणि आतले माणसाचे मुंडके प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. टेबलाखाली तर सारे मोकळे दिसत होते. प्रत्यक्षात टेबलाच्या पायांमध्ये तिरके आरसे बसवलेले होते. त्यांत बाजूचे पडदे उमटायचे आणि लोकांना वाटायचे की आपण मागचा पडदा पाहतो आहोत. तीन वर्षे आधी, 1862च्या नाताळात, त्याच शहरात प्राध्यापक पेपर यांनी रंगमंचावर भूत आणले. मंचासमोर तिरकी उभी केलेली मोठी काच, खाली खड्ड्यात लपलेला उजेडातला नट आणि काचेत पडणारे त्याचे प्रतिबिंब, एवढाच मालमसाला. बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ सेल्बिट यांनी 1921च्या जानेवारीत लंडनमध्येच लोकांपुढे आणला. यांतला एकही प्रयोग नेरूरच्या किंवा वालावलच्या देवळापुढे, तिन्ही बाजूंना माणसे बसलेली असताना, जसाच्या तसा उभा राहू शकला नसता.

मदाऱ्याचे वेगळे. तो तर गोल रिंगणाच्या मध्ये बसायचा, चारी दिशांना माणसे. टोपलीत पोराला घालून वरून सुरे खुपसायचे, आंब्याची कोय मातीत पुरून फडक्याखालून रोप उगवून दाखवायचे. डमरू, बडबड, शेजारचा जमुरा आणि लोकांना मागे हटवण्याच्या सबबी यांतून तो आपले कोन स्वतः घडवायचा. कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर युरोपच्या मंचावरल्या कित्येक नामवंतांपेक्षा हा रस्त्यावरचा माणूस सरस होता. दुर्दैव असे की जगाने त्याचे नाव जोडले ते त्याने न केलेल्या खेळाशी. हवेत उभा राहणारा दोर आणि त्यावर चढून अदृश्य होणारा मुलगा, ही कथा 1890च्या ऑगस्टमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापली आणि काही महिन्यांनी आपणच रचल्याचे कबूल केले. कबुली कोणी वाचली नाही. 1930च्या दशकात लंडनच्या जादूगारांच्या मंडळाने उघड्यावर हा खेळ करून दाखवणाऱ्याला 500 गिनींचे बक्षीस लावले, तेही तसेच पडून राहिले. दिल्लीच्या इशामुद्दीन खान यांनी 1995 साली कुतुबमिनाराच्या परिसरात टोपलीतून दोर वर चढवून दाखवला, तोवर एक शतक उलटून गेले होते.

आणि आपल्या राज्याने या माणसाला काय दिले? मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, अशा कोणत्याही निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे ही या कायद्याने भीक ठरली. पुढे 1972च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याच्या टोपलीतला नाग काढून घेतला. नागाच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच झाले. पण हातचलाखीचा शब्दही न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अभ्यास भिकेच्या खात्यात टाकला गेला, याबद्दल हळहळ वाटायला हवी होती. ती फारशी कोणाला वाटली नाही.

मराठी माणसाचा जादूशी संबंध मात्र आपण समजतो त्याहून जुना आणि घट्ट आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आधी जादूगार होते. एका जर्मन जादूगाराकडून ते ही कला शिकले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करू लागले. 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’, 1917च्या ‘लंकादहन’मधले हनुमानाचे उड्डाण, 1919च्या ‘कालियामर्दन’मधला नागाशी झगडणारा कृष्ण, हे सारे ज्या हाताने घडवले त्या हाताला पत्ते आणि नाणी लपवायची सवय होती. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांची वाट हीच: 1888 साली त्यांनी रॉबेर-उदँ यांच्या नावाचे जादूचे थिएटर विकत घेतले आणि त्याच थिएटरातून ते चित्रपटाकडे वळले. फाळक्यांना पुराणकथा हाताशी होत्या. चमत्कार दाखवायचा तर तो कोण करतो आणि का करतो, हे सांगणारी गोष्ट त्यांना शोधावी लागली नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मंचावरच्या जादूला मराठी घरांत नाव मिळवून दिले ते पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी. जादूगार रघुवीर देशोदेशी हिंडले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले, आणि मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी ती गादी पुढे चालवली. तीन पिढ्या एका नावावर तिकीट खपते, हे महाराष्ट्रात किती कलांबद्दल सांगता येईल? तिकडे बंगालमध्ये पी. सी. सरकार यांनी ‘इंद्रजाल’ नावाने राजवाड्याचा थाट उभा केला. 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला करवतीने कापले, तिला उठवायला गेले, ती उठेना, आणि तेवढ्यात वेळ संपल्याने निवेदकाने कार्यक्रम आटोपता घेतला. घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनांनी बीबीसीच्या तारा गच्च भरून गेल्या. मुलगी अर्थातच धडधाकट होती. घड्याळाचा असा उपयोग सरकारांसारख्या मुरलेल्या माणसाने चुकून केला असेल, यावर विश्वास ठेवणे जड जाते. 1971च्या जानेवारीत जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले.

आता पुन्हा मालवणी मुलखात येऊ. पौराणिक नाटकांत यांत्रिक चमत्कार दाखवण्याची हौस पारशी नाटक कंपन्यांनी मुंबईत मुरवली. ती मराठी कंपन्यांतही आली, आणि मुंबईत गिरणीत राबून मे महिन्यात, गणपतीत घरी येणाऱ्या चाकरमान्यांनी तिच्या कहाण्या गावापर्यंत आणल्या. गावात वीज आली, ध्वनिक्षेपक आला, रंगीत दिवे भाड्याने मिळू लागले आणि दशावताराने चौकट उसनी घेतली. ट्रिकसीन हवा तर मागे पडदा लागतो, बाजूला विंगा लागतात, प्रेक्षक समोर ठरावीक अंतरावर बसवावे लागतात. म्हणून असे प्रयोग सभामंडपापेक्षा उभारलेल्या मंचावर अधिक खुलतात. काळ्या पडद्यापुढे काळ्या कपड्यांतला मदतनीस दिसत नाही; लोकांच्या डोळ्यांवर येणारा एखादा दिवा असला तर मुळीच दिसत नाही. त्याच्या हातातली तलवार मग आपोआप हवेत फिरते. बाकीचे काम कप्पी, बारीक तार, धूर सोडणारे यंत्र आणि फोम-कापडाचे प्राणी करतात. आरसा क्वचितच, तो फुटतो, आणि टेम्पोतून रात्रीबेरात्री घाट उतरणाऱ्या मंडळाला काच परवडत नाही.

जुन्या जाणत्यांना हे रुचत नाही. त्यांच्या मते दशावताराचा जीव शब्दात आहे. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे बाबी कलिंगण आणि त्यांचे पुत्र, लोकराजा म्हणून ओळखले गेलेले सुधीर कलिंगण यांच्यासारखा नट बाकड्यापुढे उभा राहिला की तार लागत नसे आणि धूरही लागत नसे. 2022 साली सुधीर कलिंगण गेले तेव्हा लोक हळहळले ते त्यांच्या वाणीसाठी आणि राजबिंड्या उभे राहण्यासाठी. तक्रार खरीच आहे. करामतीच्या भरात आख्यान लंगडे पडलेले, धूर निवळेपर्यंत नट ताटकळत उभा राहिलेला, आणि तार दिसल्याबरोबर मागच्या रांगेतून शिट्टी आलेली, असे प्रयोगही होतात.

तरी या वादात ट्रिकसीनची बाजू थोडी अधिक ऐकून घ्यायला हवी. मंचावरच्या जादूचे एक जुने दुखणे आहे. टोपीतून कबूतर निघाले, बरे, मग? ते का निघाले, न निघते तर काय बिघडले असते, याला जादूगाराकडे उत्तर नसते. थोर जादूगार हे रिकामेपण आपल्या ऐटीने, बोलण्याने, विनोदाने भरून काढतात. बाकीचे एकामागून एक वस्तू काढत राहतात आणि तासाभराने प्रेक्षक जांभया देतो. दशावतारात मायावी राक्षस गुप्त होतो तो पतिव्रतेला फसवण्यासाठी, शीर तुटते ते शापामुळे, देव उतरतो तो कोणीतरी कळवळून हाक मारल्यावर. चमत्काराला कारण आहे आणि परिणामही आहे. फाळक्यांना जे मिळाले तेच कुडाळ-मालवणच्या मंडळांना आयते मिळाले. देशोदेशीचे जादूगार आज आपल्या खेळाला कथानक हवे म्हणून लेखक-दिग्दर्शकांचे उंबरठे झिजवतात. इथे कथानक आधीच होते, जादू त्यात नंतर आली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला बुचकळ्यात टाकते. ज्या देवळात दिवसा माणसे मनापासून कौल लावतात, अवसरापुढे हात जोडून उभी राहतात, त्याच देवळापुढे रात्री तीच माणसे नकली चमत्काराला टाळ्या वाजवतात आणि ‘तार खंय बांदलल्यानी?’ म्हणून शेजाऱ्याला विचारतात. दोन्हींत गल्लत करत नाहीत. सगळीकडे असे घडत नाही, आणि म्हणून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना जादूगाराचीच विद्या हाती घ्यावी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव केलेले चमत्कार सादरीकरण म्हणजे उलट्या बाजूने केलेला जादूचा खेळच. होमात आधीच पोटॅशियम परमँगनेट टाकलेले असते, वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडले जाते. चार-सहा क्षण काहीच होत नाही. तेवढ्यात दोन मंत्र म्हणून होतात आणि आगकाडीवाचून ज्वाळा उठते. लोक हात जोडायच्या बेतात असताना कार्यकर्ता बाटली काढून दाखवतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला, आणि चमत्कार दाखवून पैसे कमावणे, लोकांना फसवणे हा गुन्हा ठरला. बुवा आणि जादूगार यांच्या करामती पुष्कळदा एकच असतात. जादूगार तिकिटावरच कबूल करतो की हा खेळ आहे.

भवितव्याचा विचार या कबुलीपासूनच सुरू करायला हवा. गुपिते फुटली म्हणून जादू मरेल अशी भीती जुनी आहे. 1997 साली अमेरिकेत मुखवटा घातलेल्या एका जादूगाराने दूरचित्रवाणीवर मोठमोठ्या खेळांची उकल करून दाखवली. समव्यवसायी खवळले, पण लास व्हेगासची थिएटरे ओस पडली नाहीत. मोबाईलचे संकट निराळे आहे. तो हात वर करून प्रत्येक कोनातून टिपतो, आणि घरी जाऊन संथ गतीने पुन्हा पाहता येते. तिन्ही बाजूंनी बसणारा प्रेक्षक आता सगळ्या जगाला मिळाला. पडद्यावर संगणक काहीही घडवू शकतो, म्हणून पडद्यावरच्या नवलाची किंमतही उतरली. अशा वेळी काही जण थरार वाढवतात. 16 जून 2019 रोजी कोलकात्यात ‘मँड्रेक’ नावाने खेळ करणारे चंचल लाहिरी साखळदंडांनी बांधून घेऊन हुगळीत उतरले ते जिवंत वर आले नाहीत. ही वाट कोणी धरू नये.

केरळात गोपीनाथ मुतुकाड यांनी 1996 साली तिरुवनंतपुरमला जादूची अकादमी काढली आणि 2014 साली ‘मॅजिक प्लॅनेट’ उभे केले. रस्त्यावरच्या खेळ करणाऱ्यांना तिथे मंच मिळाला. महाराष्ट्रात ही विद्या अजून बहुतेक घराण्यातून नाही तर गुरूकडून मिळते. दशावतारी मंडळांत तर ट्रिकसीनची अवजारे घडवणारा माणूस सुतारकी, वायरिंग आणि शिवणकाम तिन्ही जाणणारा असतो, आणि त्याची युक्ती कोणी कागदावर उतरवून ठेवत नाही. नटांची भाषणे निदान मोबाईलवर राहिली. पडद्यामागची कप्पी कशी बांधली होती हे तो माणूस गेला की गेले. अभ्यासकांनी लोककलेच्या नावाखाली ट्रिकसीनला नाक मुरडणे आता थांबवावे आणि या अवजारांची नोंद, चित्रे आणि मापांसकट, करून ठेवावी. एकट्या जादूगाराचे तीन तासांचे, ट्रकभर सामानाचे प्रयोग पुढच्या काळात कमी होत जातील असेच दिसते. भाडे, वाहतूक आणि मदतनीसांचे पगार तिकिटातून सुटत नाहीत. जादू टिकेल ती दोन ठिकाणी: हातभर अंतरावर बसलेल्या पाच-पन्नास माणसांपुढे, आणि ज्या नाटकाला तिची गरज आहे त्या नाटकात.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकाने हे पुस्तक मिटल्यावर येत्या हंगामात एक रात्र इकडे काढावी. तिकीट असेल तर विकत घ्यावे, पास मागू नये. पहिल्या रांगेसाठी धडपडण्यात अर्थ नाही; मधल्या रांगेतून कोन नीट जुळतो. मोबाईल खिशात असू द्यावा, आणि एखादी तार दिसलीच तर नाटक संपेपर्यंत शेजारच्या पोराला सांगू नये.